पुण्याची टीम गेममध्ये काहून नाही?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

गेल्या दिवाळीत पुतण्याला घेऊन बुलढाण्यातल्या एका गेमिंग पार्लरमध्ये गेलो होतो. तासाच्या हिशेबाने पैसे, दोन सोफे, तीन टीव्ही, आणि गेम थोडे जुने. तो बसला ‘फिफा २२’ खेळायला. टीम निवडताना त्याने इंग्लंड, स्पेन सगळं मागे टाकलं आणि थेट इंडियन सुपर लीगवर आला. मला जरा कौतुकच वाटलं. मुंबई, गोवा, केरळ, बंगळुरू, चेन्नई, जमशेदपूर, ओडिशा, नॉर्थईस्ट असं एकेक करत तो शेवटपर्यंत गेला, परत वर आला आणि मला विचारलं, “काका, जमशेदपूरची टीम हाये, मंग पुण्याची काहून नाही?”

होती रे बाबा. एक नाही, चार होत्या.

पण त्याला तिथे, त्या गोंगाटात काय सांगणार? “नंतर सांगतो” म्हणालो. तेव्हा ऑक्टोबर २०२५ चालू होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याच दिवसांत आयएसएलचे व्यावसायिक हक्क कोणी घेतं का म्हणून निविदा काढली होती. पोरगं पडद्यावर ज्या लीगमध्ये टीम शोधत होतं, ती खरी लीग त्याच वेळी गिऱ्हाईक शोधत होती. ७ नोव्हेंबरला मुदत संपली आणि एकही बोली आली नाही. एकसुद्धा नाही.

म्हणून हे लिहायला घेतलं. पुतण्यासाठीच लिहितोय असं समजा.

आधी त्या गेमचं सांगतो. ‘फिफा’ हा ईए स्पोर्ट्सचा गेम १९९३ पासून २०२२ पर्यंत या नावाने निघायचा. ‘फिफा १३’ मध्ये भारताचा राष्ट्रीय संघ आला, तेव्हाची आमच्या पोरांची धमाल आठवते. सुनील छेत्रीला घेऊन जर्मनीशी खेळायचं, सात-आठ गोल खायचे आणि तरी परत तोच संघ घ्यायचा. पण आपली लीग मात्र त्यात नव्हती. आय-लीग तर त्यात कधीच आली नाही. आयएसएल आली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘फिफा २२’ मधून, म्हणजे लीग सुरू होऊन सात वर्षं झाल्यावर. त्याच सुमारास लीगचालकांनी ‘ई-आयएसएल’ नावाची स्पर्धाही काढली. देशभरातल्या पोरांनी घरबसल्या पात्रता फेऱ्या खेळायच्या आणि त्यातून निवडलेल्यांनी अकराही क्लबांच्या नावाने हा गेम स्पर्धात्मक खेळायचा.

त्यामागचा हिशेब सरळ होता. बुलढाण्याच्या पोराला फातोर्ड्याच्या मैदानावर नेणं शक्य नाही, पण मैदान त्याच्या हातात देता येतं. क्लबाची नावं, जर्सीचे रंग, खेळाडूंची नावं खेळता खेळता पाठ होतात. पुढे टीव्हीवर मॅच लागली की तो थांबतो, आणि तो थांबला की प्रायोजकाला दाखवायला आकडा मिळतो. छोट्या लीगने वाढायचं कसं, याचं हे अलीकडचं उत्तर आहे आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. माझ्यासमोरचा पुतण्याच त्याचा पुरावा होता. त्याने आयुष्यात एकही आयएसएल मॅच मैदानात पाहिलेली नाही, पण जमशेदपूरचा क्लब त्याला माहीत होता.

गंमत बघा, ज्या हंगामात लीग गेममध्ये आली, तो २०२१-२२ चा हंगाम कोरोनामुळे पूर्ण गोव्यात झाला. फातोर्डा, वास्को आणि बांबोळी अशी तीन मैदानं. स्टँड रिकामे. गेममध्ये मात्र प्रत्येक मॅचला प्रेक्षक तुडुंब. अंतिम सामन्याला तेवढी माणसं आत सोडली. २० मार्च २०२२ ला हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून चषक जिंकला.

हैदराबाद हे नाव लक्षात ठेवा. आपल्या पुण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

आता मागे जातो. मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला १८९१ मध्ये. सुरुवातीची कित्येक वर्षं गोऱ्या पलटणीच जिंकायच्या. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स हा चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. पुढे स्वातंत्र्यानंतर मुंबईचं फुटबॉल म्हणजे कंपन्यांचं फुटबॉल. खेळाडूला कंपनीत नोकरी, सकाळी सराव, दुपारी हजेरी. एअर इंडिया, ओएनजीसी, महिंद्रा. त्या व्यवस्थेत प्रायोजक हा शब्दच लागत नव्हता, कारण संघ म्हणजे कंपनीचं एक खातंच. प्रेक्षक आले काय, न आले काय, पगार पहिल्या तारखेला.

यातला सगळ्यात भारी संघ महिंद्रा युनायटेड. १९९६ च्या डिसेंबरात नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली, तिचं २००५-०६ चं विजेतेपद त्यांनी मिळवलं. महाराष्ट्रातल्या संघाने ही लीग जिंकण्याची ती एकमेव वेळ. आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. आम्ही शालेय फुटबॉलवर लक्ष देणार, असं कारण दिलं गेलं. कूपरेजवर येणाऱ्या माणसांना कोणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं म्हणा, क्लब त्यांचा नव्हताच. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी हेसुद्धा आय-लीगमधून गेले. आशियाई फुटबॉल संघटनेचा नियम होता की क्लब ही स्वतंत्र व्यावसायिक संस्था हवी, सरकारी कंपनीचं खातं चालणार नाही.

नियम बरोबरच होता. स्वतंत्र व्यवसाय करा म्हणाले, पण करायचा कशाच्या जोरावर? तिकिटाला शंभर-पन्नास रुपये. टीव्हीचं म्हणाल तर झी स्पोर्ट्सने २००५ मध्ये महासंघाशी दहा वर्षांचा करार केला होता, तो २०१० मध्येच मोडला. मग ९ डिसेंबर २०१० ला महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला. भारतीय फुटबॉलचे सगळे व्यावसायिक हक्क त्या एका करारात गेले. आयएसएल त्याच करारातून जन्मली, १२ ऑक्टोबर २०१४ ला पहिला सामना झाला आणि हिरो कंपनीचं नाव लीगच्या पुढे लागलं. १५ वर्षं म्हणजे डिसेंबर २०२५. त्या दिवशी कोणी कॅलेंडर उघडून पाहिलं असतं तर आजची तारीख दिसली असती.

आता पुणे. इथे मला जरा थांबायचंय, कारण आमच्या घाटावरची निम्मी पोरं शिकून हिंजवडीला जातात आणि बालेवाडीचं स्टेडियम तिथून जवळ. मीही तिथे नोकरी केली आहे.

पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, अशोक पिरामल समूहाचा. शांतपणे, नीट चालवलेला क्लब. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा आला. त्यांची अकादमी देशातल्या चांगल्या अकादम्यांपैकी एक होती. दुसरा भारत एफसी, कल्याणी समूहाचा. २०१४-१५ मध्ये आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला, एकच हंगाम खेळला, शेवटचा आला, बंद. तिसरा डीएसके शिवाजियन्स. शिवाजियन्स हा पुण्यातला जुना, स्थानिक क्लब, त्याला बांधकाम व्यावसायिकाचं पाठबळ मिळालं, लिव्हरपूलच्या नावाची अकादमी आली, २०१६ मध्ये आय-लीगमध्ये प्रवेश मिळाला. दोन हंगामांत खेळ संपला आणि पाठोपाठ मालक समूहच आर्थिक गर्तेत गेला. चौथा एफसी पुणे सिटी, आयएसएलचा. मालक वाधवान समूह, हृतिक रोशन सहमालक, इटलीचा फिओरेंटिना क्लब भागीदार. पहिल्याच वर्षी फ्रान्सचा डेव्हिड ट्रेझेगे खेळायला आला.

म्हणजे २०१४-१५ च्या हंगामात एकट्या पुणे शहरात वरच्या स्तरावर तीन व्यावसायिक क्लब होते आणि चौथा दुसऱ्या विभागात तयारी करत होता. कोलकाता, गोवा सोडलं तर देशात असं चित्र कुठे नव्हतं. ऑगस्ट २०१९ उजाडेपर्यंत चारही गेले होते.

७ मार्च २०१८ ला पुणे सिटीचा उपांत्य फेरीचा सामना बालेवाडीत होता, बंगळुरूशी. ऑरेंज आर्मी म्हणवणारी समर्थक पोरं ढोल घेऊन आली होती. ०-० सुटला. माझ्या शेजारी चिखलीकडचे दोघं भाऊ बसले होते, बोलण्यावरून ओळखले. त्यातला एक म्हणाला, “आपलं कोणीतरी सेमी खेळून राह्यलं ना बाप्पा.” पुण्याचा क्लब त्याला ‘आपलं’ वाटत होता, शेकडो किलोमीटरवरून आलेल्याला. परतीच्या सामन्यात छेत्रीने तीन गोल मारले आणि पुणे ३-१ ने बाहेर पडलं. दीड वर्षात क्लबच राहिला नाही. वाधवान समूहाची वित्तकंपनी डीएचएफएल बुडीत निघाली आणि क्लबची लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. त्याच महिन्यात दिल्ली डायनामोजने बिऱ्हाड हलवून ओडिशा एफसी असं नाव घेतलं.

हैदराबादने तीन वर्षांत चषक जिंकला, वर सांगितलंच. मग तिथेही खेळाडूंचे पगार थकले, मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. दिल्लीचा क्लब भुवनेश्वरला गेला, पुण्याची जागा हैदराबादला गेली आणि तिथून दिल्लीला. आपल्याकडे तहसील कार्यालयात बदल्या होतात तशा.

मुंबईतही असंच एक होतं. मुंबई एफसी, २००७ चा, एस्सेल समूहाचा. खालिद जमीलने हा क्लब बरीच वर्षं तुटपुंज्या पैशांत आय-लीगमध्ये टिकवून धरला. २०१६ मध्ये क्लबने त्याला सोडलं. तो मिझोरामला ऐजॉलकडे गेला. २०१६-१७ मध्ये ऐजॉलने सगळ्यांच्या नाकावर टिच्चून आय-लीग जिंकली आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या विभागात फेकला गेला आणि बंद पडला. तोच जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. ऐजॉलकडे ना मोठा उद्योगसमूह, ना नट मालक. तिथल्या गल्लीतली माणसं मात्र होती.

गल्लीवरून कोल्हापूर आठवलंच पाहिजे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवर हजारोंची गर्दी, मॅच हरली तर पेठेत दोन दिवस चूल थंड. त्यांच्या जर्सीवर स्थानिक व्यावसायिकांची नावं असतात. देणाराही त्याच पेठेतला, खेळणाराही आणि शिव्या घालणाराही. मालकाचा धंदा बसला तर दुसरा कोणी पुढे येतो, कारण तालीम कोणा एकाची नसते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव या कोल्हापूरचा. पण कोल्हापूरचा संघ कोणत्याही राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये नाही, आणि कोणत्याही व्हिडिओ गेममध्ये तर नाहीच. ज्या शहरात खरा प्रेक्षक आहे त्याला जागा नाही आणि जिथे मालक आहे तिथे लीग. माझा खरा राग इथे आहे.

आता बाहेरचं पाहू, कारण गेम आणि प्रायोजक यांचं नातं बाहेर कसं जमलं त्यातून आपल्याला काही घेता येईल.

२००२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबला मालकांनी उचलून मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात न्यायचं ठरवलं आणि इंग्लंडच्या महासंघाच्या समितीने त्याला परवानगीही दिली. पुण्याचं झालं तसंच. फरक पुढे आहे. विम्बल्डनच्या चाहत्यांनी रडत न बसता स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. मोकळ्या मैदानावर निवड चाचणी घेऊन संघ उभा केला आणि नवव्या पायरीवरून सुरुवात केली. तेव्हा त्यांच्या जर्सीवर नाव द्यायला कोण आलं? स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह, म्हणजे आज ‘फुटबॉल मॅनेजर’ हा गेम बनवणारी कंपनी. क्लबाच्या पहिल्या हंगामापासून ती सोबत राहिली. २०११ मध्ये क्लब इंग्लंडच्या चार व्यावसायिक विभागांत पोचला, २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाऊ लेन भागात स्वतःच्या नव्या मैदानावर परतला. गेम कंपनीला त्यातून काय मिळालं? ज्यांना फुटबॉलचं वेड आहे आणि जे रात्रभर जागून संगणकावर क्लब चालवतात, नेमके तेच लोक त्या स्टँडमध्ये होते. दोघांना एकमेकांची गरज होती.

दुसरं उदाहरण जरा चलाखीचं आहे. स्टीव्हनेज नावाचा इंग्लंडच्या चौथ्या विभागातला क्लब, २०१९-२० च्या हंगामात अगदी तळाला. बर्गर किंग कंपनीने त्याची जर्सी प्रायोजित केली. टीव्हीवर या क्लबला कोण बघणार? पण ‘फिफा २०’ मध्ये सगळे क्लब असतात, तळाचेसुद्धा, आणि प्रत्येकाच्या जर्सीवर त्याचा खरा प्रायोजक. कंपनीने पोरांना आव्हान दिलं: गेममध्ये स्टीव्हनेज घेऊन खेळा, अमुक प्रकारे गोल मारा, व्हिडिओ टाका आणि बर्गर फुकट न्या. पंचवीस हजारांवर गोल लोकांनी टाकले. जगातले नामांकित खेळाडू पडद्यावर स्टीव्हनेजच्या जर्सीत, छातीवर बर्गर कंपनीचं नाव. खऱ्या जर्सीही संपल्या. जाहिरात क्षेत्राने त्यावर बक्षिसांचा पाऊस पाडला. मैदानावर मात्र संघ शेवटचाच राहिला. दुसऱ्या एका क्लबचे गुण कापले गेले म्हणून वाचला.

यात अट एकच आहे जी आपल्याकडे कोणी बोलत नाही. त्या गेममध्ये इंग्लंडचे चार विभाग आहेत, म्हणून तळाच्या क्लबाला ती शक्कल लढवता आली. आपले फक्त वरचे क्लब आत गेले. आय-लीगमधले गोकुळम, चर्चिल, ऐजॉल बाहेर. ज्यांना या प्रसिद्धीची सगळ्यात जास्त गरज होती त्यांनाच दार बंद. आयएसएलला २०१९ मध्ये सर्वोच्च लीगचा दर्जा देण्याचा आराखडा मंजूर झाला आणि आय-लीग दुसऱ्या पायरीवर गेली. पुढे २०२३ पासून आय-लीग विजेत्याला वर जायची वाट मिळाली. पंजाब गेला, मग मोहम्मेडन. पण तोवर गोव्याचे जुने क्लब, पाच वेळा देशाचे विजेते झालेले डेम्पो, साळगावकर, स्पोर्टिंग, निषेध म्हणून लीग सोडून निघून गेले होते.

आता आपल्याकडच्या ‘गेम’च्या पैशाचं बोलू. इथे शब्दांचा घोळ आहे. गेम म्हटलं की आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात जातात. एक पुतण्या खेळतो तो, कौशल्याचा. दुसरा पैसे लावून टीम बनवायचा, फँटसीचा. भारतीय खेळांत मोठा पैसा आणला तो दुसऱ्याने. मुंबईच्या ड्रीम इलेव्हनने २०२० मध्ये आयपीएलचं नाव २२२ कोटींना घेतलं, २०२३ मध्ये भारतीय क्रिकेट संघाची जर्सी ३५८ कोटींना. वरचं ताट भरलं की खाली सांडतं, तसं कबड्डी, फुटबॉल, हॉकी सगळीकडे या कंपन्यांचे फलक लागले. छोट्या लीगच्या कारभाऱ्यांना वाटलं, मिळाला एकदाचा प्रायोजक.

त्याच वेळी आपल्या पारावर काय चाललं होतं तेही आपण पाहिलंय. जिओ आलं २०१६ मध्ये, डेटा स्वस्त झाला, आणि सोयाबीन विकून आलेल्या पैशातले एकोणपन्नास-एकोणपन्नास रुपये रोज कुठे जातात हे घरच्यांना कळेनासं झालं. ज्या पोरांना कॉर्नर किक आणि थ्रो-इन यातला फरक माहीत नव्हता ते रात्री दोन वाजता कुठल्यातरी देशाच्या तिसऱ्या विभागातल्या मॅचवर टीम लावत होते. याला फुटबॉलचा प्रसार म्हणायचं का? मी म्हणणार नाही. २१ ऑगस्ट २०२५ ला संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला, दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही झाली आणि क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं नाव आठवडाभरात गेलं. बंदीला माझा पाठिंबा होता, आहे. याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता दिली, तेही योग्यच. पण क्रिकेटला दुसरा प्रायोजक चार दिवसांत मिळतो. फुटबॉलचं तसं नाही. हिरो कंपनी २०२२-२३ नंतर आयएसएलमधून बाहेर पडली होती आणि लीगपुढची ती जागा रिकामीच राहिली. आता प्रायोजकांची एक अख्खी जातच बाजारातून उठली.

मग ११ जुलै २०२५ ला लीगचालक कंपनीने हंगाम थांबवत असल्याचं कळवलं, कारण डिसेंबरात करार संपणार. सर्वोच्च न्यायालय, निविदा आणि त्यात वर्षाला किमान साडेसदतीस कोटींची हमी मागितली. मुंबईत एका बऱ्या इमारतीला याहून जास्त लागतात. तरी शून्य बोली. डिसेंबरात मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला २०१९ मध्ये घेतलेला हिस्सा सोडला. दोन वेळा चषक जिंकलेला महाराष्ट्राचा एकमेव उरलेला क्लब, आणि त्याचाही परदेशी मालक निघून गेला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की १४ फेब्रुवारीपासून १४ क्लबांची छोटी लीग होईल. एकेरी पद्धतीने, ९१ सामने. जीव वाचला एवढंच म्हणू.

आणि आपला जिल्हा? तुम्ही म्हणाल, बुलढाण्याचा यात काय संबंध. १५ सप्टेंबर २०१७ आठवतो का? राज्य सरकारचं ‘मिशन वन मिलियन’. एका दिवशी राज्यातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा, शाळांना बॉल वाटले होते. मी त्या दिवशी सुट्टीवर गावी होतो, एका शाळेच्या मैदानावर उभा होतो. पाऊस होऊन गेलेला, काळी माती, दर पावलाला चप्पल अडकते असा चिखल. दोन्ही बाजूंना दगडांचे गोल. मास्तरांना नियम माहीत नव्हते, पोरांना गरज नव्हती. पन्नास पोरं एका बॉलमागे. मुलींची मॅच नंतर झाली आणि ती जास्त चांगली झाली, खरं सांगतो. पुढच्या दिवाळीला गेलो तेव्हा बॉल विचारले. कपाटात होते, हवा गेलेले. पंप आला नव्हता. साठ-सत्तर रुपयांचा पंप! विश्वचषक बघायला देशभरात १३ लाख ४७ हजार प्रेक्षक आले, विक्रम झाला आणि आमच्या शाळेत बॉल कपाटात.

मी काही कोट्यवधींच्या लीगचा जाणकार नाही. पण बुलढाण्यात, खामगावात, मलकापुरात पतसंस्था आहेत, जिनिंगवाले आहेत, सराफ आहेत, कोचिंग क्लासवाले तर दर चौकात फ्लेक्स लावून आहेत. गणपतीला, दहीहंडीला वर्गणी निघते. तालुक्याच्या आठ संघांची लीग चालवायला किती लागतात? जर्सीवर सराफाचं नाव येऊ द्या. आणि पार्लरमध्ये त्याच आठ संघांच्या नावाने गेमची स्पर्धा घ्या, सकाळी मैदानात खेळलेल्या पोरालाच संध्याकाळी तिथे प्रवेश. ई-आयएसएलची कल्पना वाईट नव्हती, तिच्याखाली मैदान नव्हतं. आमच्याकडे मैदान आहे, पंप नाही. क्रीडाशिक्षक मित्रांनी यावर बोलावं, मला चुकत असेन तर दुरुस्त करावं. एक जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन बोलायला कोणकोण येतं तेही कळवा, मी येतोय.

पुतण्याचं राहिलंच. हे सगळं मी त्याला घरी येऊन सांगितलं, थोडं कमी करून. तो ऐकत होता की नाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी परत पार्लरला घेऊन गेला. ‘फिफा २२’ मध्ये स्वतःचा क्लब बनवायची सोय आहे. त्याने नाव टाकलं बुलढाणा एफसी, रंग भगवा आणि जांभळा. क्लब लीगमध्ये घालायचा तर गेम विचारतो, कोणत्या क्लबाला काढून? त्याने क्षणभर यादी पाहिली आणि हैदराबादवर बटण दाबलं.